सिकलसेलच्या धड्यावर विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. नवं संशोधन स्वतः वाचायला कुठून सुरुवात करू?

वैनगंगाकाठ:

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. २००४ साली प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले. रसायनशास्त्राचे सर बदलून गेले तेव्हापासून त्यांचे तासही माझ्याकडेच आहेत.

गेल्या महिन्यात बारावीला बिंदू उत्परिवर्तन शिकवत होते. फळ्यावर डीएनएची तीन अक्षरं लिहिली, जीएजी. मधला ए पुसून टी केला, जीटीजी झालं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, असं दरवर्षी सांगते तसं सांगितलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, माझ्या भावाला हेच आहे. आता त्यावर औषध निघालंय म्हणतात. एकदा दिलं की बरं होतं. खरं आहे का?"

वर्ग एकदम शांत झाला. आमच्याकडे सिकलसेल हा पुस्तकातला शब्द नाही. प्रत्येक वर्गात कुणी ना कुणी वाहक (स्वतः आजारी नसून सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारा) असतो, एखाद्याचा भाऊ नाहीतर बहीण महिन्यातून दोनदा दवाखान्यात असते. मला उत्तर माहीत नव्हतं. "शोधून सांगते," म्हणाले.

रात्री शोधायला बसले. एका ठिकाणी "सिकलसेल कायमचा बरा", दुसरीकडे कुठल्याशा पानांचा रस. शेवटी मूळ शोधनिबंध सापडला, तर सारांशाच्या तीन ओळींपुढे काही कळेना आणि आतला मजकूर पैसे भरल्याशिवाय उघडेना. एम.एस्सी.नंतर वीस वर्षांत मी पाठ्यपुस्तकाबाहेर काहीच वाचलेलं नाही, हे त्या रात्री नीट दिसलं. फार वाईट वाटलं.

मला हे मनापासून शिकायचंय. जेवणं आटोपल्यावर रोज अर्धा तास मिळतो, रविवारी दोन तास. इंग्रजी वाचता येतं, पण हळू. लॅपटॉप नाही, फोनच आहे, आणि घरात नेटवर्क खिडकीपाशी बसलं तरच मिळतं. एवढ्यात जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात काय नवीन चाललंय ते कसं वाचत राहायचं? कुठं वाचायचं? कशावर विश्वास ठेवायचा? आणि त्या मुलीला काय सांगू?

प्रयोगवही:

मॅडम, मी पुण्यात प्रथिनांवर काम करतो, अकरा वर्षं झाली. तुमचा प्रश्न दोनदा वाचला.

सगळ्या विषयांत नवीन काय चाललंय हे बघायला जाऊच नका, आम्हालाही ते जमत नाही. तुमच्या हाताशी एक रेणू आहे, हिमोग्लोबिन. वर्षभर तेवढाच धरा. त्याच्या मागे गेलात तर रसायनशास्त्र येतं, पुढे गेलात तर जनुकशास्त्र येतं, आणि दोन्हीकडचे रस्ते तुमच्या वर्गात येऊन मिळतात.

मागे जाऊन बघा. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या गतीनं सरकतं, म्हणजे रेणूवरचा भारच वेगळा आहे. एखादा आजार एका रेणूतला दोष म्हणून पहिल्यांदा दाखवला गेला तो तिथे. मग व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ते प्रथिन तोडून तुकडे कागदावर पसरवले, तर एकच ठिपका जागचा हललेला. १९५७ मध्ये त्यांनी सांगितलं की फरक एका अमिनो आम्लाचा आहे.

आता पुढे या, कारण मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इकडे आहे. १९४८ साली ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात वाकलेल्या पेशी फारच थोड्या असतात. बाळाच्या अंगात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं, तेच त्याला सांभाळत असणार, असा त्यांचा तर्क. ते हिमोग्लोबिन जन्मानंतर कमी कमी का होत जातं? २००८ साली कळलं की बीसीएल११ए नावाचं जनुक ते दाबून ठेवतं. तुमच्या विद्यार्थिनीनं ऐकलेला उपचार बहुधा कॅसजेव्ही. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी काढतात, क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीनं बीसीएल११एचं रक्तपेशींपुरतं बटण कापतात आणि पेशी परत सोडतात. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. सिकलची मूळ चूक तशीच राहते, तिला हात लावलेला नसतो. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने डिसेंबरमध्ये.

एक वही करा. प्रत्येक निबंधाला एक पान आणि त्यावर चारच प्रश्न: काय मोजलं, कुणात मोजलं, किती जणांत, कशाच्या तुलनेत. कॅसजेव्हीचं पान असं होईल. मोजलं काय, तर सलग बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही असे रुग्ण किती. तपासता आले असे ३१, त्यातल्या २९ जणांना झटका आला नाही. तुलनेला वेगळा गट नाही, त्याच रुग्णांची आधीची वर्षं. मग बातमीत नसतं तेही लिहा: पेशी परत देण्याआधी ब्युसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर.

दुसरं पान व्हॉक्सेलोटर या सिकलसेलवरच्याच औषधाचं करा, हे मी आग्रहानं सांगतो. २०१९ साली अमेरिकेत त्याला घाईनं मान्यता मिळाली. चाचणीत मोठा डोस घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के रुग्णांचं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ७ टक्के. आकडे उत्तम होते. पण मोजलं काय होतं? हिमोग्लोबिन. झटके कमी झाले का, माणसं जास्त जगली का, हे सिद्ध व्हायचं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं, कारण पुढच्या माहितीत झटके आणि मृत्यू यांचं पारडं उलट्या बाजूला झुकताना दिसलं. "काय मोजलं" हा प्रश्न पहिला का, ते या एका पानावरून कळेल.

कुठं वाचायचं: पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या शोधसूचीवर मोफत खातं काढा, "सिकलसेल" आणि "हिमोग्लोबिन" हे शब्द इंग्रजीत टाकून शोध साठवा, आठवड्याला ईमेल येईल. युरोप पीएमसीवर पूर्ण मजकूर मोफत असलेलेच निबंध वेगळे काढता येतात. कुलूपबंद असेल तर लेखकाला दोन ओळींचं ईमेल करा, बहुतेक जण आनंदानं पाठवतात. बायोआर्काइव्ह आणि केमआर्काइव्हवर सगळं फुकट असतं, पण ते तज्ज्ञांनी तपासण्याआधीचं, हे लक्षात असू द्या. वाचताना आधी आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी, मग निष्कर्ष, प्रस्तावना शेवटी. पहिला महिना फक्त आढावा-लेख, म्हणजे एका विषयावरचे बरेच निबंध एकत्र मांडणारे लेख, वाचा.

नळीमागच्या_रेघा:

ताई, मी नंदुरबारकडे रक्त तपासणीत आहे. निबंधांतलं मला फार कळत नाही, पण वरच्या दादांनी बाळांचं लिहिलंय त्यावर सांगायचंय, कारण ते आम्ही रोज बघतो.

शिबिरात आम्ही सोल्युबिलिटी, म्हणजे विद्राव्यता चाचणी, करतो. नळीत द्रावण असतं, त्यात सॅपोनिन आणि सोडियम डायथायोनाइट. बोटातून घेतलेलं थेंबभर रक्त त्यात सोडायचं. सॅपोनिन पेशी फोडतं, डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. पाच मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. ऑक्सिजन गेला की सिकलचं हिमोग्लोबिन विरघळलेलं राहत नाही, एकमेकांना धरून धागे करतं, तो गढूळपणा त्याचाच. तुमच्या फळ्यावरचा ए आणि टी असा डोळ्यांना दिसतो.

दोन गोष्टी मुलांना नक्की सांगा. वाहक असो की रुग्ण, रेघा दोघांच्याही जातात. म्हणून या चाचणीवर कुणालाही "तुला सिकलसेल आहे" सांगायचं नाही. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी, केल्यावरच कळतं. दुसरं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी आम्ही करत नाही, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असल्यानं आजार असूनही रेघा दिसत राहतात. मला हे नियम म्हणून शिकवलं होतं. त्याच गोष्टीतून पुढे उपचार निघाला, हे आज इथे वाचलं.

एक चूकही सांगतो. डायथायोनाइट हवेनं, ओलाव्यानं मरतं. पावसाळ्यातल्या एका शिबिरात डबा नीट बंद नव्हता आणि मी माहीत असलेलं पॉझिटिव्ह रक्त सोबत लावलं नव्हतं. सगळ्या गावाच्या नळ्या निगेटिव्ह आल्या. संध्याकाळी संशय आला, दुसऱ्या दिवशी नव्या द्रावणानं सगळ्यांची परत केली. आता कंट्रोलची नळी लावल्याशिवाय मी पहिलं बोट टोचत नाही.

सांगलीचे_सर:

रसायनशास्त्राचे तासही तुमच्याकडे आले म्हणून घाबरू नका. चौतीस वर्षं शिकवून सांगतो, हा रेणू म्हणजे उजळणीची उत्तम वही आहे. ग्लुटामिक आम्लाची शाखा काढा, टोकाला ऋणभार. व्हॅलिनची काढा, नुसते कार्बन-हायड्रोजन, पाण्याशी न पटणारी. ऋणभार गेला म्हणून ८.६ सामूला ते हिमोग्लोबिन धनाग्राकडे हळू सरकतं, पॉलिंगना दिसला तो भारातला हाच फरक. आणि पाण्याशी पटत नाही म्हणून ते व्हॅलिन शेजारच्या रेणूतली तेलकट खोबण शोधतं. ती खोबण ८५ क्रमांकाच्या फिनाइलअॅलनिन आणि ८८ क्रमांकाच्या ल्युसिनची. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार बदलतो आणि तेव्हाच हे कुलूप-किल्ली जुळतं.

प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या रचनांचा संग्रह १९७१ पासून आहे आणि फुकट आहे. तिथे इंग्रजीत "टू एच बी एस" (टू म्हणजे अंक २) टाका, ऑक्सिजन सुटलेल्या सिकल हिमोग्लोबिनची रचना उघडेल. बोटानं फिरवा. व्हॅलिन शेजाऱ्याच्या खोबणीत बसलेलं दिसेल. बंगळूरच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'रेझोनन्स' मासिकही चाळा. १९९६ पासूनचे अंक मोफत आहेत आणि भाषा शिक्षकांना झेपेल अशी असते.

वैनगंगाकाठ:

तिघांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून लिहितेय.

वही केली. सात पानं भरली. पहिलं पान हायड्रॉक्सियुरियाचं, कारण मुलीच्या भावाला तीच गोळी सुरू आहे. १९९५ सालच्या चाचणीचा निबंध वाचला. अकरा रात्री लागल्या. २९९ प्रौढ रुग्ण, अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना नुसती साखरेसारखी. वर्षाला झटके साखरेच्या गोळीवाल्यांत ४.५, खऱ्या गोळीवाल्यांत २.५. फरक इतका स्पष्ट की चाचणी वेळेआधी थांबवून सगळ्यांना कळवलं. आणि ही गोळीसुद्धा गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते! कॅसजेव्ही आणि आमच्या दवाखान्यातली साधी गोळी एकाच वाटेनं जातात, हे कळलं तेव्हा मी वही घेऊन स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगायला गेले. त्या शांतपणे सगळं ऐकत होत्या.

मुलीला वर्गाबाहेर बोलावून सांगितलं. बातमीत होतं ते खरं आहे, पण तो उपचार मोठ्या दवाखान्यातला, केमोथेरपीसकटचा आणि आज आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. भावाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. तिनं विचारलं, "मॅडम, तो कधीकधी टाळतो. सांगू का त्याला हा आकडा?" मी वहीचं पान फाडून दिलं. माझ्यासाठी परत लिहून काढलं.

रचना फोनवर फिरवली. खिडकीत उभं राहून, नेटवर्क जात-येत होतं, तरी व्हॅलिन खोबणीत बसलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी फोन बाकांवरून फिरवला, प्रत्येकानं बोटानं फिरवून बघितलं.

एक अडलंय. आमच्या पुस्तकात सहावं अमिनो आम्ल बदलतं असं आहे, पॉलिंगनंतरच्या सगळ्या लेखांतही सहावंच. पण एका जनुक-माहितीच्या पानावर सातवं लिहिलंय, आणि साखळी १४६ ऐवजी १४७ची. चूक कुणाची? मुलांनीच ते दाखवलं, उद्या विचारतील.

प्रयोगवही:

कुणाचीच नाही. जनुक वाचताना प्रत्येक प्रथिन मेथिओनिननं सुरू होतं. ते धरलं तर १४७, आणि व्हॅलिन सातवं. पेशी ते पहिलं मेथिओनिन छाटून टाकते. रक्तात जे हिमोग्लोबिन सापडतं त्याची बीटा साखळी १४६ची, म्हणून तिथे सहावं. इन्ग्रॅम यांनी प्रथिन मोजलं होतं, आजची माहिती-पानं जनुकावरून मोजतात. उद्या मुलांना आधी सांगू नका. फळ्यावर एयूजी, म्हणजे मेथिओनिनची तीन अक्षरं, लिहा आणि त्यांनाच मोजू द्या.