मदत हवी आहे: डाळमिलमधल्या कामगारांसाठी फांद्यांचे व्हिडिओ, आखणी कशी करावी?

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये प्रशिक्षणाचं काम बघते. कामगार बरेचसे धरणगाव-एरंडोलकडचे, बोलणं अहिराणी. सुरक्षेचा सरळ व्हिडिओ सगळे मुकाट बघतात आणि उठून जातात. म्हणून मध्येच थांबून ‘आता तुम्ही काय कराल?’ विचारणारा, उत्तराप्रमाणे पुढे वळणारा, म्हणजे फांद्यांचा, व्हिडिओ करायचा आहे.

पहिला प्रसंग ठरलाय. एलिव्हेटर (धान्य वर नेणारा बादल्यांचा पट्टा) खाली तुंबलाय, बाहेर ट्रक उभा, मुकादम घाई करतोय. मेन बंद करून कुलूप लावायचं, की चालू पट्ट्यातच काठी घालायची? चुकीचा पर्याय असा खराच मोह पाडणारा हवा, असं मला मनापासून वाटतं. उघड मूर्खपणाचा पर्याय ठेवला तर कोण निवडेल तो?

अडचण फांद्यांची. चार निर्णय, प्रत्येकी दोन पर्याय धरले तर १, २, ४, ८, १६ मिळून ३१ तुकडे शूट करावे लागतात. एवढं आम्हाला झेपणार नाही. शिवाय चुकल्यावर लगेच थांबवावं, की परिणाम दिसू द्यावा? कोणी असं काम केलंय का?

प्रतिसाद १
ताई, पूर्ण झाड वाढवूच नका, फांद्या परत मिसळा. प्रत्येक निर्णयाला प्रसंगाचा एक तुकडा, परिणामांचे दोन, आणि तिथून पुढचा समान प्रसंग. चार निर्णयांचे १२ आणि शेवटचा एक, १३ त भागतं. मात्र जिथे चुकीमुळे हात तुटू शकतो तिथे मिसळू नका. परिणाम दाखवा (रक्त नको, मशीन थांबलेलं आणि धावलेली माणसं पुरेत) आणि त्याच प्रश्नावर परत आणा. नुसता वेळ किंवा माल वाया जात असेल तर पुढे जाऊ द्या, पण नुकसान पुढच्या प्रसंगात जाणवू द्या.

आराखडा आधी ट्वाइन या फांद्यांच्या गोष्टी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, फुकट आहे. शूटिंगआधी तो जेवणाच्या सुट्टीत चार कामगारांना वाचून दाखवा. ‘आम्ही तर तिसरंच काही करतो’ असं कोणी म्हणालं, तर तोच खरा पर्याय. तुकड्यांच्या जोडणीसाठी एचफाइव्हपी (H5P) या परस्परसंवादी धडे बनवायच्या साधनात ‘ब्रँचिंग सिनारिओ’ हा प्रकार आहे.

धागाकर्ती
आभारी आहे दादा, १३ तुकडे जमतील. आता एकच विचारते. आमच्याकडे कॅन्टीनमध्ये एकच मोठा पडदा आहे, सगळे एकत्र बघतील. अशा वेळी पर्याय कोणी निवडायचा? हात वर करायला सांगितलं तर सगळे मुकादमाकडे बघतात.