रॅपिड्ससाठी मोटरवाली रबरी बोट स्वतः बनवतोय: मोटर, फ्रेम आणि टेस्टिंगबद्दल सल्ला हवाय

भोसरी_फॅब

नमस्कार मंडळी, भोसरीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे आणि मी आणि माझा चुलतभाऊ मिळून खळाळत्या पाण्यात चालेल अशी हवेने फुगवायची बोट बनवतोय, मोटर लावून. विकायला नाही. आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे, पावसाळ्यात मुळशी-ताम्हिणीकडे कुणी वाहून गेलं की शोधायला बोलावणं येतं, आणि दरवेळी एकच अडचण. राफ्ट असते ती फक्त खाली वाहत जाते, परत वर आणायची तर डोक्यावर घेऊन चाला, आणि मोटरवाली चपट्या तळाची बोट पुराच्या संथ पाण्यात छान चालते पण धारेत घातली की मागून पाणी भरतं आणि मग ती बोट राहत नाही, हौद होतो.

म्हणून डिझाइन असं केलंय की दोन लांब ट्यूब, प्रत्येकी ४ मीटर, व्यास ५० सेंमी, प्रत्येकीत दोन कप्पे, वरून ॲल्युमिनियम पाइपची फ्रेम आणि मधे जाळी, म्हणजे पाणी आलं तसं खालून निघून जाईल. कापड १००० डेनिअरचं (धाग्याच्या जाडीचं माप) पीव्हीसी, ०.९ मिमी. कागदावर दोन्ही ट्यूब मिळून साधारण १५७० लिटर होतात म्हणजे तेवढेच किलो पाणी बाजूला सारायची ताकद, माणसं चारच घेणार आहोत त्यामुळे तरंगायची चिंता नाही. मोटर २५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक, सेकंडहँड मिळतेय, वजन पन्नासच्या आसपास.

आता प्रश्न. पंखा ठेवू का जेट (पाणी आत ओढून मागे जोरात फेकणारा पंप) लावू, कारण दगडात पंखा किती टिकणार? मोटर अगदी मागच्या टोकाला लावायची का? आणि टेस्टिंग कसं करायचं? आमचा प्लॅन आहे आधी बॅकवॉटरला नेऊन फुल थ्रॉटल पळवायची, स्पीड, टर्निंग सगळं बघायचं, मग कुंडलिकेत उतरवायची. ट्यूब चिकटवायचं काम निम्मं झालंय, उरलेलं जुलैत करू म्हणतोय कारण तेव्हा शॉपला काम कमी असतं.

पीव्हीसी_काका

जुलैत चिकटवू नका!! बाकीचं नंतर वाचा, आधी हे. दोन भागांचा पीयू (पॉलीयुरेथेन) ग्लू वापरत असाल (तोच वापरा, एका डब्यातला नको) तर त्यातलं हार्डनर हवेतल्या दमटपणाशी आधी रिअ‍ॅक्ट होतं, कापडाशी नंतर. वरून जोड मस्त दिसतो, आणि उन्हात सालीसारखा सुटतो. कोरड्या दिवसात करा, एमईकेने (एक सॉल्व्हंट) पुसा, पातळ कोट द्या, बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा, मग हीटगनने जरा गरम करून रोलर दाबून फिरवा. आणि फुगवायची घाई करू नका, दोन-तीन दिवस तसंच पडू द्या.

आता हिशोब, कारण हा कुणी करत नाही. समजा ०.२५ बार हवा भरली. ट्यूबची त्रिज्या २५ सेंमी. प्रेशर गुणिले त्रिज्या केलं की जोडाच्या दर ५ सेंमी लांबीवर साधारण ३२ किलोचा ताण येतो, कायमचा, बोट नुसती अंगणात पडून असली तरी. म्हणून टेस्ट पाण्यात नाही, गच्चीवर सुरू होते. जसा जोड बोटीला तसाच ५ सेंमी रुंदीचा नमुना चिकटवा, त्याला सिमेंटची भरलेली ५० किलोची गोणी टांगा आणि भर उन्हात दिवसभर लटकू द्या. संध्याकाळी जोड मिलिमीटरभर जरी सरकलेला दिसला तरी ती पद्धत बाद. गार सावलीत केलेली टेस्ट काही कामाची नाही, ग्लू उन्हातच मऊ पडतो.

अजून एक. सकाळी २५ डिग्रीला ०.२५ बार भरून बोट उन्हात ठेवली आणि आतली हवा ५५ ला गेली तर प्रेशर ०.३७ च्या वर जातं, म्हणजे जोडावरचा ताण दीडपट. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह लावा प्रत्येक कप्प्याला. उलटंही होतं, उन्हात टाइट भरलेली बोट गार पाण्यात टाकली की ढिली पडते, मग लोक म्हणतात लीक आहे. पाण्यात टाकून दहा मिनिटांनी परत पंप मारायचा.

कुंडलिकाकाठ

कोलाडला राफ्टिंग करतो, बरीच वर्षं. काकांनी ट्यूबचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. दादा तुमचा टेस्टिंग प्लॅन उलटा आहे. बॅकवॉटरला फुल थ्रॉटल पळवून तुम्हाला मोटर चांगली आहे एवढंच कळणार, बोटीचं काही कळणार नाही. खळाळात बोट मोटर चालू असताना कशी आहे हा प्रश्नच नसतो, मोटर बंद पडल्यावर कशी आहे हा असतो, आणि ती बंद पडणारच.

कारण सांगतो. पांढरं फेसाळ पाणी दिसतं ना, त्यात निम्मी हवा असते. पंख्याला धरायला पाणीच नाही, इंजिन नुसतं कोकलतं, बोट जागची हलत नाही. म्हणजे जिथे तुम्हाला ताकद सगळ्यात जास्त पायजे तिथेच मोटर हात वर करते. त्यामुळे आधी वल्ह्यांची बोट बनवा. फ्रेमला वल्ह्यांचे खुंट बसवा, मधे बसून एका माणसाला दोन लांब वल्ह्यांनी पूर्ण लोड सांभाळता आला पायजे, मोटर ही नंतरची गोष्ट. आमच्या इथे पहिले सगळे दिवस मोटरशिवाय काढा. पण मोटरच्या जागी तेवढ्याच वजनाचं लोखंड बांधून! नाहीतर बोट वागते वेगळी आणि मोटर लावली की वेगळी.

मग उलटवा तिला. मुद्दाम. रॅपिडमध्ये नाही, खालच्या डोहात, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून, काठावर दोरीची थैली (पाण्यातल्या माणसाकडे फेकायची) घेऊन माणूस उभा ठेवून. ते ५० किलो मागे लटकलेलं असताना दोघांना ती सुलटी करता येते का बघा. बऱ्याच जणांना नाही येत. ट्यूबच्या खालून आडवे पट्टे टाकून ठेवा, त्याला धरून मागे झोकून द्यायचं. आणि कडेने दोरी लावताना ती ताणून लावा, हात जाईल पण पाय अडकेल असा लूप कुठेही नको.

मग एक कप्पा सोडून द्या हवा काढून आणि चार माणसं बसवून चालवा. १५७० मधले पाव गेले तरी ११७०-८० उरतात हे कागदावर बरोबर आहे, पण गेलेलं सगळं एकाच कोपऱ्यातलं असतं, आणि तो कोपरा मोटरचा असला तर? करून बघा.

कुंडलिकेचा एक फायदा म्हणजे इथलं पाणी वीजनिर्मितीचं आहे, मुळशीचं पाणी भिऱ्याला वीज करून नदीत येतं, सकाळी पाणी सोडतात आणि मशीन बंद झाली की उतरतं. दुपारी उतरल्यावर काठाने चालत जा, सकाळी ज्यावरून गेलात ते कातळ उघडे दिसतात. पंख्याला किती खोली मिळत होती ते डोळ्यांनी दिसेल. साजेपासून खाली सगळं असं बघून घ्या मग मोटर उतरवा.

कृष्णाकाठचा_पप्या

भावा, मी सांगलीचा, १९ च्या पुरात बोटीवर होतो. लई बोलत नाय, दोन गोष्टी.

एक, माणसं चारच घेणार म्हणतोयस ते कागदावर. पुरात लोक बोटीला असे धरत्यात की तुला नाय म्हणता येत नाय. ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ ला काय झालं सगळ्यास्नी माहितीय, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली आणि बोट उलटली. तुझी ट्यूब १५०० किलो उचलंल, पण बसायला जागा कुठाय, सगळी एका अंगाला गेली की संपलं. चार म्हणजे चार, ते फ्रेमवर मोठ्या अक्षरात रंगव. तुझ्यासाठी नाय, काठावरच्यांसाठी.

दोन, केटी बंधारा, म्हंजी नदीत आडवा घातलेला बुटका कोल्हापुरी बांध. डोंगरातल्या रॅपिडला समदी भितात आणि बंधाऱ्याला कुणी भीत नाय, कारण तो दिसतच नाय. पूर आला की बंधारा पाण्याखाली, वरनं नुसती एक गुळगुळीत पट्टी दिसती, आणि खालच्या अंगाला पाणी परत बंधाऱ्याकडं फिरतं. खालनं मोटर मारत वर जवळ गेलास की ते पाणी तुला ओढून भिंतीखाली नेतंय, तिथं समदा फेस, पंखा चालत नाय, बोट तरंगत बी नाय नीट. मे २०२४ ला प्रवरेत सुगावजवळ एसडीआरएफची बोट भोवऱ्यात उलटून जवान गेले, ती ट्रेनिंग झालेली माणसं हुती. कुठल्याबी टेस्टच्या आधी त्या पट्ट्यातले बंधारे कुठं कुठं हायत ते गावातल्या माणसाकडनं विचारून घे, मॅपवर नसत्यात समदे.

वायकाटो_वरून

मी मूळची नाशिकची, आता न्यूझीलंडमध्ये मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आणि जेट म्हटलं की इथे सगळ्यांचे कान टवकारतात कारण ते इथलंच बाळ. बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात इथल्या उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी ते विकसित केलं. आणि आपल्याकडेही त्याचा इतिहास आहे: १९७७ मध्ये एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगासागरपासून गंगेतून वर वर गेले, अलकनंदेत नंदप्रयागजवळच्या धबधब्यापाशी थांबावं लागलं. म्हणजे जेट खळाळात वर चढतं यात वाद नाही.

पण तुम्ही लावू नका असंच म्हणेन. आउटबोर्डला, म्हणजे तुमच्यासारख्या बाहेरून टांगायच्या मोटरला, जेटचा खालचा भाग लावला की साधारण ३० टक्के ताकद जाते, तुमच्या २५ चे १७-१८ उरतात. जेटची मजा बोट पाण्यावर उचलली जाऊन पळते तेव्हा, लोड घेतलेली दोन ट्यूबची बोट १७-१८ मध्ये उचलली जाईल असं मला वाटत नाही. शिवाय जेट खालून पाणी ओढतं, इथल्या नद्या स्वच्छ आहेत, तुमच्याकडे पुरात काय काय वाहतं? प्लास्टिक, उसाचं पाचट, जलपर्णी, साड्या. जाळी एकदा भरली की पाण्यात हात घालून साफ करत बसायचं, तेही धारेत.

पंखाच ठेवा, भोवती गोल गार्ड लावा. थोडा जोर कमी होतो, होऊ दे. तुम्ही पाण्यात पडलेल्या माणसाजवळ जाणार आहात, गार्ड दगडापेक्षा त्या माणसासाठी जास्त आहे. आणि गार्ड असला तरी माणूस बोटीशी आला की इंजिन बंद, न्यूट्रल नाही, बंद. किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) चालवणाऱ्याच्या जॅकेटला, मनगटाला नको.

मागच्या टोकाबद्दल: ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोराडो नदीवर मोठ्या मोटर राफ्ट चालतात, ३०-३५ फुटी, आणि त्यांना मोटर असते फक्त ३० हॉर्सपॉवरची. बघण्यासारखं म्हणजे ती मागे लटकवत नाहीत, मागच्या भागात फ्रेमच्या आत एका खिडकीत बसवतात, आणि स्पेअर मोटर सोबत असते. एवढ्या मोठ्या बोटीला कमी ताकद का पुरते? कारण ते प्रवाहाशी भांडत नाहीत, बोट आडवी सरकवून योग्य जागी नेतात, बाकी काम नदीच करते. तुमच्या ४ मीटरवर ५० किलोची मोटर आणि ७५ किलोचा चालक टोकाला बसले की सव्वाशे किलो शेवटच्या अर्ध्या मीटरवर, मग लाटेवर नाक उचललं की बोट सरळ मागे कोसळणार. मोटर निदान ६०-७० सेंमी आत घ्या, पेट्रोल टाकी पुढे न्या.

एक बारीक पण महत्त्वाचं. छोट्या आउटबोर्डमध्ये रिव्हर्स टाकला की टिल्ट (मोटर वर उचलली जाण्याची सोय) लॉक होतो, नाहीतर मोटर स्वतःच वर उचलली गेली असती. म्हणजे पुढे जाताना दगड लागला तर मोटर वर उडते आणि वाचते, रिव्हर्समध्ये लागला तर उडत नाही, फ्रेम फाटते किंवा गिअरकेस फुटते. दगडात रिव्हर्स मारायचाच नाही अशी सवय लावा, मागे यायचं तर वल्ही.

भोसरी_फॅब

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. चिकटवणं थांबवलं, दसऱ्यानंतर करू. मोटर आत घ्यायची म्हणजे मधली जाळी कापून खिडकी करावी लागेल, ते जमेल, आडवे पाइप दोन वाढवतो.

@कुंडलिकाकाठ दादा, वायकाटोवाल्या ताई म्हणाल्या तसं बोट आडवी सरकवायची, म्हणजे नाक धारेकडे ठेवून तिरकं, ते मोटरवर कसं करायचं? वल्ह्यावर येतं मला.

@पप्या, बंधाऱ्यांची यादी गावागावातून फोन करून काढायला घेतलीय. वाटलं होतं त्यापेक्षा खूप आहेत.

कुंडलिकाकाठ

वल्ह्यावर येतं ना मग झालं. तेच, फक्त नाक धारेच्या अगदी जवळ ठेवायचं, घड्याळात बारा धार असेल तर एक वाजता, दोनच्या पुढे नको. थ्रॉटल एवढंच की काठावरचं झाड पुढेही जात नाही मागेही जात नाही. मग बोट आपोआप पलीकडे सरकते. जास्त दिलं तर वर चढते आणि फेसात घुसते, कमी दिलं तर नाक फिरतं आणि बोट आडवी होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, त्यामुळे आधी डोहाच्या शेपटीला जिथे धार मंद आहे तिथे शिका. आणि थ्रॉटलवर एकच माणूस, पुढे बसलेला हाताने दाखवणार, बोलून काही ऐकू येत नाही.

पीव्हीसी_काका

उलटवायच्या टेस्टमध्ये कधीतरी खरी मोटर पाण्यात बुडणारच, त्याचं सांगून ठेवतो. चालू असताना बुडली असेल तर आधी स्टार्टरची दोरी हळू ओढून बघा, अडकत असेल तर जोर करू नका, मेकॅनिककडे न्या. फिरत असेल तर प्लग काढा, आडवी करून सिलिंडरमधलं पाणी काढा, कार्बोरेटर रिकामा करा, प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडा आणि नवीन पेट्रोलवर त्याच दिवशी, जमलं तर तासा-दोन तासात चालू करा. बेअरिंगला गंज धरायला रात्र पुरते. "उद्या बघू" म्हणून टेम्पोत टाकली की मोटर गेली.

आणि हो, मोटर लावली की ती कायद्याने यांत्रिक जलयान झाली, २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, नोंदणीचं मेरीटाइम बोर्डाकडे विचारून घ्या. धरणाच्या पाण्यात न्यायची तर जलसंपदा खात्यालाही आधी विचारा.

कृष्णाकाठचा_पप्या

मोटर बुडली की टाकी बी सुटती काका, ती पट्ट्यानं बांध आणि झाकणाची हवेची चावी बंद करायला एका माणसाला नेमून ठेव, नायतर समदं पेट्रोल डोहात.

दसऱ्यानंतर टेस्ट असली की सांग, आमची दोघं-तिघं येत्यात काठावर दोरी धरायला.