आडरस्त्यांनी दिवसभराची निवांत फेरी: छोट्या गाडीने कशी आखावी?

वळणवेडा
हायवे पूर्ण टाळून, शेताशिवारातून जाणाऱ्या बारक्या रस्त्यांनी एक दिवसाची गोल फेरी करायची आहे. घाई कसलीच नाही, फिरणं हाच उद्देश. गाडी साधी हॅचबॅक, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, माणसं चार. त्यातल्या मुलाला गाडी लागते. दिवसाला किती किलोमीटर धरावेत? मॅप दर दहा मिनिटांनी मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडतो, त्याचं काय करायचं? आणि कच्च्या रस्त्यावर टायरची हवा कमी करावी का? याबद्दल दोन्ही मतं वाचली आहेत.

तिसरा_गिअर
किलोमीटर नंतर, आधी तास मोजा. अरुंद डांबरी रस्त्यावर चालत्या गाडीची सरासरी ताशी ३० ते ३५ पडते, कच्च्यावर १५ ते २०. त्यात थांबे धरलेलेच नाहीत. आठ तास हातात असतील तर पाच तास चाक फिरेल असं समजा, म्हणजे मधला थोडा कच्चा रस्ता धरून १२० ते १५० किमी झाले. यापेक्षा जास्त आखलंत की दुपारनंतर नजर घड्याळाकडे जाते आणि मग हायवेने काय वाईट होतं असं वाटायला लागतं.

मॅपचा स्वभावच सगळ्यात कमी वेळाचा रस्ता शोधण्याचा. 'हायवे टाळा' आणि 'टोल टाळा' हे दोन्ही पर्याय चालू केले तरी तो अर्धंच ऐकतो. त्यात शेवटचं ठिकाण टाकून वाट विचारू नका, वाटच तुम्ही आखा. सॅटेलाइट चित्र उघडा आणि बारीक रस्त्यावर दर १०-१५ किमीला, फाट्याच्या थोडं पुढे, एक थांबा टाका. नेमका फाट्यावर टाकलात तर पुढचं वळण तोच ठरवतो. चित्रात रस्ता करडा आणि कडा सरळ दिसल्या तर बहुतेक डांबरी. तपकिरी, आणि मधे हिरवट पट्टा, म्हणजे चाकोरीची वाट: चाकांच्या दोन रेघा, मधे गवत. भागाचा नकाशा आदल्या दिवशी ऑफलाइन उतरवून घ्या, दरीत रेंज जातेच.

नदीकाठचा रस्ता वळणं आणि सावली देतो, डोंगरसोंडेवरचा लांबवरचं दाखवतो. फेरीत दोन्ही असू द्या. सकाळी पश्चिमेकडे निघा आणि संध्याकाळी पूर्वेकडे परता, दोन्ही वेळेस सूर्य पाठीशी राहतो. तिरपं ऊन पुढच्या शेतांवर पडतं आणि काचेवर झळ येत नाही. उलट आखलंत तर दिवसातले सगळ्यात सुंदर दोन तास डोळे बारीक करण्यात जातील.

खडीफोड
हवेबद्दल. सलग पाच-सात किमीपेक्षा जास्त खडीचा रस्ता असेल तर कमी करा. थंड टायरमध्ये ३३ पीएसआय भरत असाल तर २७-२८ वर आणा, त्याखाली नाही. टायर जमिनीवर जास्त पसरतो, पकड वाढते, हादरे निम्म्यावर आल्यासारखे वाटतात. दोन अटी: वेग ५० च्या आत, आणि डांबरी लागली की पुन्हा भरायची. कमी हवेवर वेगात पळवलं की टायरच्या बाजू सतत दुमडतात, तापतात आणि फुटतात. त्यामुळे १२ व्होल्टचा पंप आणि हवा मोजायचा गेज गाडीत नसेल तर या वाटेला जाऊच नका. पंप चालताना इंजिन चालू ठेवा.

खडीवर खरी फसगत ब्रेकची होते. ताशी ५० ला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २१ मीटर गेलेच. पुढे कोरड्या डांबरीवर साधारण १४ मीटरमध्ये गाडी थांबते, सुट्या खडीवर त्याला दुप्पट लागतात. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, इथे लवकर थांबायला मदत करत नाही, उलट अंतर वाढवतं. चाक लॉक झालं असतं तर त्याच्यापुढे खडीचा ढीग साठून गाडी अडली असती, एबीएस तो साठूच देत नाही. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही.

रिमवाला
वरच्या सल्ल्याशी अर्धाच सहमत. खडी असेल तर ठीक. पण छोट्या गाड्यांना हल्ली मोठी रिम आणि पातळ टायर येतात. टायरच्या बाजूवर तिरप्या रेघेनंतरचा आकडा (टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, तो) ५५ किंवा त्याहून कमी असेल आणि रस्ता कडा तुटलेल्या डांबरीचा असेल, तर हवा अजिबात कमी करू नका. खड्ड्याच्या धारदार काठावर टायर रिम आणि दगडाच्या मधे चिमटतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुग्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही, टायर बदलावाच लागतो.

बाकी १७० मिमी हा आकडा रिकाम्या गाडीचा. चार माणसं आणि सामान बसलं की त्यातले दोन-चार सेंटिमीटर जातात. चाकोरी खोल आणि मधला उंचवटा मोठा दिसला तर चाकोरीत उतरू नका. एका बाजूची चाकं उंचवट्यावर, दुसऱ्या बाजूची काठावर, असं सावकाश न्या. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) आपटायची भीती खोल चाकोरीतच असते. आपटल्यासारखं वाटलं तर पन्नास मीटरवर थांबून खाली वाकून बघा. ऑइलची धार दिसली की इंजिन बंद, 'जवळच आहे, पोहोचू' नाही.

वळणवेडा
आभार! माझे टायर ८० वाले आहेत, म्हणजे चालेल. गाडी लागण्याचं आणि पत्र्यासारख्या खळखळ रस्त्याचं सांगा ना कुणीतरी.

तिसरा_गिअर
गाडी लागते कारण कान सांगतात हललो आणि डोळे सांगतात स्थिर आहोत. पुस्तक आणि मोबाइल बंद, नजर लांब क्षितिजावर, मधली जागा द्या म्हणजे समोरची काच दिसेल. पोट अगदी रिकामं किंवा गच्च नको. पण निम्मं औषध चालकाच्या पायात आहे. घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आधीच या आणि अख्खं वळण एकाच हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर काढा. ब्रेक-पिकप-ब्रेक केलंत की मोठी माणसंही पांढरी पडतात. उताराला, चढताना जो गिअर लागला असता तोच ठेवा. न्यूट्रलवर सोडलंत तर तळाशी ब्रेकचा जळका वास येईल.

खडीफोड
खळखळ म्हणजे रस्त्यावर आडव्या पडलेल्या लाटा. गाड्यांचं चाक ठराविक वेगापुढे उसळतं, पडतं तिथे माती दाबतं आणि पुढे ढकलतं, लाट तयार होते, पुढचं चाक त्याच लाटेवरून उसळतं. वेगाने गेलं की हादरे कमी लागतात हे खरंय, कारण चाक फक्त शेंड्यांवरून जातं. पण म्हणजे निम्मा वेळ ते हवेत असतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. २०-२५ ने जा, फिरायलाच निघालात ना. लाटा कडेला उथळ असतात, मोकळं दिसत असेल तर एक चाक तिकडे ठेवा.

पुढे गाडी असेल तर तिच्या फुफाट्यात शिरू नका, पाच मिनिटं थांबून तिला जाऊ द्या. मागच्या काचा बंद ठेवा, नाहीतर गाडीपाठी उडणारी धूळ आत ओढली जाते.

सावलीतला_थांबा
थांब्यांबद्दल कुणी बोललंच नाही. वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका. गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा डबा) कित्येकशे अंशांना तापलेला असतो, गवत टेकलं की पेट घेतं. शेताच्या फाटकासमोर लावू नका, रिकामं दिसलं तरी. फाटक उघडून जावं लागलं तर जसं होतं तसंच ठेवा, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. समोर ट्रॅक्टर हळू झाला तर ओव्हरटेकच्या आधी दोन्ही बाजूंना फाटक आहे का बघा. मागे ट्रॉली असेल तर तो वळायच्या आधी उलट्या बाजूला झुकतो, आणि आपल्याला वाटतं वाट देतोय. गुरं आडवी आली की हॉर्न नको, बुजतात. एक जनावर गेलं की दुसरं मागून येणारच, तेवढं थांबा.

वाहतं पाणी रस्त्यावरून जात असेल तर परत फिरा. ३० सेंमी वाहतं पाणी छोटी गाडी उचलून बाजूला सरकवू शकतं.

आणि स्टेपनीची हवा निघण्याआधी बघा, तीच सगळे विसरतात. डिकीत ३० बाय ३० सेंमीची जाड फळी टाका. मऊ मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो, फळीवर ठेवला की उचलतो. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, घट्ट करताना समोरासमोरचे आलटून पालटून, आणि ५० किमीनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.