शाळेच्या भिंतीवर मुलांचं भित्तिचित्र: मंडळानं ४० हजार नेमके कशावर घालावेत?

बोरीकाठ

मंडळीले राम राम.

अमळनेर तालुक्यातल्या एका छोट्या कला मंडळातर्फे विचारतोय. यंदा ४० हजार रुपये हाताशी आहेत. दरवर्षीची एक दिवसाची चित्रकला स्पर्धा बंद करून जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर मुलांकडून भित्तिचित्र करून घ्यायचं ठरतंय. मुलं २०, वय १२ ते १६. विषय त्यांनीच काढलेत: कानबाई देवीची मिरवणूक, कापूस वेचणी, बोरी नदी.

भिंत २२ फूट लांब, ७ फूट उंच, पश्चिमेकडे तोंड. जुन्या चुन्यावर डिस्टेंपर आहे, खालच्या दोन फुटांना ऑइल पेंटचा पट्टा आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग गेलीय. काम मे महिन्याच्या सुट्टीत करावं म्हणतोय. भिंत कशी तयार करायची, रंग किती घ्यायचे आणि पैसा कशावर जास्त घालायचा, हे जाणकारांनी सांगावं.

गेरूखडी

भाऊ, स्पर्धा बंद करून हे काम घेताय ते फार चांगलं. पण सगळ्यात आधी मे महिना सोडा. खानदेशात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो आणि पश्चिमेची भिंत दुपारनंतर तव्यासारखी तापते. अशा भिंतीवर ॲक्रिलिक रंगातलं पाणी मिनिटभरात उडतं, रंगाला नीट पकड यायला वेळच मिळत नाही. कुंचल्याचे जोड दिसतात, पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात. मुलांना ऊन लागेल ते वेगळंच.

पावसाळ्यानंतर भिंत पुरती वाळली की नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. मात्र जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० च्या खाली उतरतो. तेवढ्या थंडीतही ॲक्रिलिकचा थर नीट जुळत नाही. सकाळी साडेनऊला सुरू करा, एकला थांबा. पश्चिमेची भिंत तोवर बहुतेक वेळ सावलीत असते, हा तुमचा फायदाच.

आता भिंत. हात घासून बघा. तळव्याला पांढरी भुकटी लागली तर त्यावर कितीही महाग रंग लावा, तो भुकटीलाच चिकटेल, भिंतीला नाही. चुना आणि डिस्टेंपर पत्र्यानं खरवडून, तारेच्या ब्रशनं घासून, पाण्यानं धुऊन काढायचं. नंतर दोन दिवस वाळू द्यायचं आणि चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढून बघायची. पट्टीवर कण आले तर पुन्हा घासा. हे कंटाळवाणं काम आहे, पण भित्तिचित्र दोन पावसाळे टिकतं की सात, ते इथं ठरतं.

ओल तपासायला एक फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडा चिकटवून भिंतीला लावा. २४ तासांनी आतून थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येतेय. अशी भिंत रंगवू नका, आधी छपराची पन्हाळ आणि पायाजवळ साचणारं पाणी बघा. लोणा (भिंतीवर येणारे पांढरे क्षार) फुटला असेल तर कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतलात तर क्षार परत आत मुरतात.

ऑइल पेंटचा पट्टा जुना असेल तर त्याला मुलांचा हात लावू देऊ नका. घरगुती रंगांमध्ये शिशाची ९० पीपीएम (दहा लाखात ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. तो कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, ओल्या पॉलिशपेपरनं, मोठ्या माणसानं तोंडाला मास्क बांधून. निघालेला गाळ पोत्यावर गोळा करायचा, मैदानात सांडू द्यायचा नाही.

भेगेचं दुखणं आपल्या काळ्या जमिनीचं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग पडते. व्ही आकारात उघडून बाहेरच्या भिंतीची लवचीक भरणी भरा. तरी एप्रिलमध्ये ती केसाइतकी उघडेलच. म्हणून कानबाईचा मुखवटा किंवा कुणाचा चेहरा त्या रेषेवर येऊ देऊ नका. तिथं नदीचा काठ, झाडाची फांदी, साडीची निरी असं काही आणा, म्हणजे भेग चित्रात मिसळून जाते.

खालच्या दीड फुटात चित्रच घेऊ नका. पावसाचा चिखल तिथंच उडतो. गडद गेरूचा साधा पट्टा ठेवा, दरवर्षी एक हात मारता येतो.

पांझरातीर

पैशाचं सांगते. ४० हजारांची माझी वाटणी अशी असेल:

शिकवणाऱ्या चित्रकाराचं मानधन, १२ सत्रं प्रत्येकी १,००० प्रमाणे: १२,०००
भिंत खरवडणं, भरणी, मजुरी: ८,०००
रंग, प्राइमर, कुंचले: ९,०००
परांचीच्या घोडे-फळ्यांचं भाडं, सावलीची जाळी: ३,०००
मुलांचा नाश्ता, प्रथमोपचार पेटी: ३,०००
पुढच्या वर्षीच्या डागडुजीला राखीव: ५,०००

यात ट्रॉफी नाही, शाल-नारळ नाही, फ्लेक्स नाही. मुद्दाम नाही. स्पर्धेत पैसा एका दिवसात जातो आणि तीन मुलं घरी काहीतरी घेऊन जातात, बाकीची सतरा आपलं चित्र वाईट होतं असं समजून जातात. मानधन मात्र कापू नका. 'मुलांसाठी आहे, तर फुकट या' असं चित्रकाराला म्हटलं की तिसऱ्या सत्रापासून त्याला दुसरी कामं आठवायला लागतात आणि मुलं वाट बघत बसतात.

परवानगी तोंडी घेऊ नका. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव घ्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे पालकांची संमतीही सोपी होते. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या. अर्जातच लिहा की चित्र किमान पाच वर्षं झाकलं जाणार नाही. हे लिहिलं नाही तर पुढच्याच वर्षी कुठल्या तरी मोहिमेच्या घोषणा त्यावर रंगतात.

प्रत्येक मुलाच्या पालकाची सही असलेलं एक पान हवं: वेळ, त्वचेची वा दम्याची तक्रार, फोटो समाजमाध्यमांवर टाकायला हो की नाही. फोटोला नाही म्हणणाऱ्यांची यादी फोटो काढणाऱ्याच्या खिशात असू द्या.

आणखी देणगी घेणार असाल तर धनादेशानं किंवा ऑनलाइन घ्या. मंडळाकडे देणगीवरच्या करसवलतीची ८०-जी नोंदणी असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. देणगीदाराचं नाव लावायचंच असेल तर चित्राबाहेर, दीड फूट बाय एक फुटाच्या पाटीवर, आणि त्याच पाटीवर वीसही मुलांची नावं आधी.

बोरीकाठ

ताई, दादा, खूप उपयोगी. अडचण एवढीच की मुलं आत्ता मे महिन्यात मोकळी आहेत आणि हुरूप आहे. डिसेंबरपर्यंत थांबलो तर निम्मी गळतील. शिवाय रंगांचं प्रमाण आणि चित्र भिंतीवर मोठं कसं करायचं, तेही सांगा.

वाघूर

मग मे भिंतीसाठी नका वापरू, डोळा तयार करायला वापरा. सकाळी ७ ते ९, आठवड्यातून तीनदा, सावलीच्या खोलीत.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यातून मोठ्या देखाव्याचा भास उभा करायचे, ती त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. चाळीसगावात त्यांचं कलादालन आहे, मुलांना एकदा न्या. मग तोच अभ्यास शाळेत करा. एक टेबल, मागे काळा कार्डशीट, एका बाजूनं एकच एलईडी दिवा आणि त्यापुढे बटर पेपर, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा. कापसाची बोंडं, काटक्या, मूठभर माती. मोबाइल विटेला टेकवून ठेवा, ३ सेकंदांचा टायमर लावा, पडद्यावर बोट दाबून उजेड पक्का करा. हातात मोबाइल धरला की चित्र हलतं आणि मांडणीकडे लक्षच राहत नाही. पुढे काय, मागे काय, उजेड कुठून, हे कळलेलं मूल भिंतीवर सगळ्या माणसांना एका रांगेत उभं करत नाही.

मातीकामही घ्या, भाद्रपदात गुलाबाईचा सण येतोच, तिची मूर्ती करता येईल. नुसती काळी माती घेऊ नका, वाळताना तडकते. चाळलेला नदीचा पोयटा (गाळाची माती) दोन भाग, काळी माती एक भाग, बारीक भुसा अर्धा भाग इथून सुरुवात करा. मग १० सेंटिमीटरची पट्टी करून सावलीत वाळवा. ती ९ सेंटिमीटरपेक्षा खाली आली तर थोडी बारीक रेती घाला. मूर्ती आतून पोकळ आणि जाडी बोटभर, म्हणजे सगळीकडून सारखी वाळते.

सप्टेंबर अखेरीच्या आसपास एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरकारी चित्रकला परीक्षा असतात, त्या पंधरवड्यात सत्रं ठेवू नका. पाऊस ओसरला की अजिंठ्याची एक सहल करा. लेणी सोमवारी बंद असतात, फ्लॅश चालत नाही. मुलांना फक्त वही-पेन्सिल द्या, प्रत्येकानं चित्रातला एकच हात किंवा झाडाचं एकच पान काढायचं.

गेरूखडी

वाघूरभाऊंचं वेळापत्रक धरा. अजिंठ्याचा रंगाशीही संबंध आहे. तिथं गेरू, पिवडी (पिवळी माती), हिरवी माती, काजळी असे मातीचे आणि खनिजाचे रंग आहेत, म्हणून ते शतकानुशतकं उडाले नाहीत. आजच्या स्टेनरमध्येही (पांढऱ्यात मिसळायचा दाट रंग) लोह-ऑक्साइडचा लाल, पिवडीसारखा पिवळा आणि काळा हेच उन्हात सर्वाधिक टिकतात. झगझगीत गुलाबी, लिंबू-पिवळा, जांभळा पश्चिमेच्या भिंतीवर दोन उन्हाळ्यांत फिके पडतात. मुलांना ते हवे असतात, तर लहान जागांत द्या, परत भरता येतात.

२२ बाय ७ म्हणजे १५४ चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक प्राइमर एका हाताला २ लिटर. त्यावर पांढऱ्या एक्स्टीरियर इमल्शनचे (बाहेरच्या भिंतीच्या रंगाचे) दोन हात, लिटरला ५० चौरस फूट धरून ३ लिटरच्या थोडं वर, म्हणजे ४ घ्या. चित्रासाठी लाल ऑक्साइड, पिवडी, काळा, हिरवा, निळा प्रत्येकी १ लिटर आणि मिसळायला पांढरा ३ लिटर. गडद रंग पांढऱ्यात स्टेनर ओतून करू नका. लिटरला ३०-४० मिलीच्या वर स्टेनर गेला की रंग वाळल्यावरही हाताला लागतो. गडद छटा दुकानातूनच मशीनवर करून आणा. पाणी १० टक्क्यांच्या वर नको. मुलं जलरंगाच्या सवयीनं पातळ करतातच, म्हणून मिसळण्याचं काम रोज दोनच मुलांकडे ठेवा आणि झाकणाच्या डब्यावर रंगाचा आकडा लिहा.

चित्र मोठं करायला चौकटी. मूळ चित्र २ इंच म्हणजे १ फूट या मापानं, ४४ बाय १४ इंच, ड्रॉइंग शीट जोडून. भिंतीवर फुटाफुटावर गेरूत बुडवलेला दोरा ताणून मारायचा, १५४ चौकटी होतात. आडव्यांना आकडे, उभ्यांना अक्षरं, दोन्हीकडे तीच. कोळशानं आखू नका, पांढऱ्या रंगात मिसळून सगळं राखाडी होतं. साधा खडू बरा.

चित्र निवडताना कुणाचं 'उत्तम' ते ठरवू नका. प्रत्येकाची सहा छोटी रेखाटनं घ्या, दहा मिनिटांत एक, आणि त्यातून तुकडे निवडा: एकीची मिरवणूक, दुसऱ्याची बैलगाडी, तिसऱ्याची नदी. वीसही जणांचा काही ना काही भाग भिंतीवर दिसला पाहिजे.

एका वेळी भिंतीशी सातच मुलं, प्रत्येकाला तीन फूट. बाकीची मिसळणं, धुणं, मूळ चित्राशी ताडून बघणं करतील. दर दीड तासानं तुकडी बदला. मुलं जमिनीवर उभी राहून पाच फुटांपर्यंतच रंगवतील, शिडी आणि घोड्यावर फक्त मोठी माणसं. आणि पाच फुटांच्या खाली मोठ्यांनी कुंचला लावायचा नाही, अगदी बैलाचा पाय वाकडा दिसला तरी. मंडळातली हौशी मंडळी संध्याकाळी मुलं गेल्यावर 'जरा नीट' करतात, दुसऱ्या दिवशी मुलाला आपली रेघ सापडत नाही आणि ते मूल पुन्हा येत नाही.

वरून वार्निश मारू नका. आत ओल राहिली तर ते पांढुरकं पडतं. त्यापेक्षा प्रत्येक रंगाचा पाव लिटर हवाबंद डब्यात आकड्यासह राखून ठेवा आणि दिवाळीनंतर दरवर्षी एक सकाळ डागडुजीची ठेवा. पांझरातीर ताईंनी राखलेले ५,००० त्यालाच लागतील.

बोरीकाठ

ठरलं. उद्याच भिंतीला प्लास्टिकचा कागद लावतो आणि २४ तासांनी काय दिसतं ते इथंच लिहितो.