नेपल्सला जहाज एकच दिवस थांबतंय, पॉम्पेईचे अवशेष बघावेत की शहर? (सोबत आई-पप्पा)

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पायजे. मे मध्ये मी, बायको आणि आई-पप्पा असे चौघं भूमध्य समुद्राच्या क्रूझला निघालोय, जहाज रोमजवळच्या चिव्हितावेक्क्या बंदरातनं सुटतंय. नेपल्सला एकच दिवस आहे, सकाळी ८ ला लागणार आणि संध्याकाळी ६ ला सुटणार, साडेपाचच्या आत चढायला सांगितलंय. पप्पा इतिहासाचे मास्तर होते, रिटायर झालेत, त्यांचं पहिल्यापासनं पॉम्पेई एके पॉम्पेई चाललंय. आईचे गुडघे दुखतात आणि ऊन सोसत नाही, तिचं म्हणणं एवढ्या लांब येऊन पडक्या भिंती कशाला बघायच्या, शहर बघू, बाजार बघू, निवांत बसून काहीतरी खाऊ. दोघांचंही मला पटतंय हीच अडचण. जहाजाची स्वतःची पॉम्पेई टूर आहे पण माणशी रक्कम लई होतीय. आपलं आपण ट्रेननं जाऊन वेळेत परत येता येतं का? आणि एकच निवडायचं तर काय निवडावं?

मंगळवारपेठी:
भावा, पॉम्पेई सोडू नकोस. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि अख्खं गाव राखेखाली गेलं हे आपण शाळेत वाचलेलं असतं, पण तिथल्या रस्त्यावर उभं राहिलं की गोष्ट वेगळी होते. दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात, रस्ता ओलांडताना पाय भिजू नयेत म्हणून मधे उंच दगड ठेवलेत, बेकरीत दळायची मोठी दगडी जाती आणि शेजारी भट्टी आहे. खायच्या दुकानांचे ओटे तर बघण्यासारखे, आपल्याकडं मिसळीच्या हॉटेलात पुढंच कटाचं पातेलं असतं तशी त्या ओट्यात मोठी मडकी बसवलेली. राजवाडे आणि देवळं सगळीकडं बघायला मिळतात, साध्या माणसाचं दोन हजार वर्षांपूर्वीचं घर-दुकान असं कुठं बघायला मिळणार.

जायचं सोपं आहे. जहाज शहराच्या मध्यातच लागतं, बाहेर आलं की समोर किल्ला दिसतो. चालत म्युनिचिपियो स्टेशन, तिथनं मेट्रो लाईन १ नं गारिबाल्दी, आणि तिथनं सोरेंतोकडं जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल. उतरायचं 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी' या स्टेशनवर, नाव पूर्ण वाचूनच उतर कारण पॉम्पेई नावाची दुसरी पण स्टेशनं आहेत. ३५-४० मिनिटं लागतात आणि पोर्ता मरीना हे गेट स्टेशनच्या अगदी जवळ आहे. ट्रेनमध्ये गर्दी असते, पाकीट पुढच्या खिशात ठेवायचं.

शाहूपुरी_ताई:
मंगळवारपेठी दादांचं सगळं बरोबर आहे पण आईंच्या गुडघ्यांचं काय? मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते म्हणून सांगते. खाली काळे मोठे दगड, वरखाली, मधे फटी, आणि सावली जवळजवळ नाहीच. जागा साधारण ६६ हेक्टर आहे, त्यातली दोन तृतीयांश खोदलेली, म्हणजे नुसतं महत्त्वाचं बघायचं म्हटलं तरी तीन तास पायावर. चाकाच्या खुर्चीसाठी आणि कमी चालणाऱ्यांसाठी सपाट केलेला एक मार्ग आहे, तो अँफिथिएटरकडच्या गेटनं सुरू होतो, पण तोही काही किलोमीटरचा आहे. तुम्ही जायच्या आधी एक करा, आईंना आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची पूर्ण फेरी भर दुपारी मारता येते का बघा. येत नसेल तर हट्ट करू नका, त्यांना अर्ध्यात बसावं लागलं तर पप्पांचं पण लक्ष लागणार नाही आणि आईंना वाटत राहणार की आपल्यामुळं सगळ्यांचं राहिलं.

चौघांनी एकत्रच जायचं असलं तर हर्क्युलेनियम बघा. तीच लोकल, गारिबाल्दीहून वीसेक मिनिटांवर एर्कोलानो स्काव्ही स्टेशन, फक्त स्टेशनपासनं समुद्राच्या बाजूला उतारानं थोडं चालावं लागतं आणि येताना तोच चढ लागतो, तेवढी टॅक्सी करा. गाव लहान आहे, दोन तासात नीट बघून होतं. आणि ते पॉम्पेईसारखं हलक्या राखेत नाही, गरम राख-चिखलाच्या जाड थराखाली गाडलं गेलं, त्यामुळं लाकूडसुद्धा जळून कोळसा होऊन टिकलंय, दारं, तुळया, दुसरे मजले दिसतात. जुन्या किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कोठारात आसऱ्याला आलेल्या सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले, ते बघताना मात्र माणूस गप्प होतो.

टाऊनहॉल_वेडा:
मी जरा वेगळं सांगतो. तुम्ही "अवशेष की शहर" असं विचारताय, पण नेपल्समध्ये ही दोन टोकं नाहीतच. पॉम्पेईत भिंती आणि रस्ते राहिलेत, तिथली चांगली भित्तिचित्रं, मोझेक, भांडी, ब्राँझच्या मूर्ती बऱ्याचशा उचलून नेपल्स शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आणून ठेवल्यात. म्हणजे शहरात थांबणाऱ्याला पण पॉम्पेई भेटतं, आणि सावलीत, बसत बसत. मेट्रो लाईन १ वर म्युझेओ नावाचं स्टेशनच आहे. मंगळवारी बंद असतं, तेवढा वार बघा.

आणि पप्पा इतिहासाचे मास्तर आहेत ना, मग त्यांना हे सांगाच. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची साधारण २५ सेंमी उंचीची भारतीय बाईची मूर्ती सापडली, दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूला दोन दासी. 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणून ती प्रसिद्ध आहे, बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या भोकरदनला आणि तेरला सापडल्यात, त्यामुळं ती आपल्याच मुलखातनं तिकडं गेली असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. ती याच संग्रहालयाकडं आहे. कधी प्रदर्शनासाठी बाहेर पाठवतात, म्हणून जायच्या आधी मेल करून विचारून घ्या.

आता उलटी बाजू बघा. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला, त्यात पोसायडनची छोटी मूर्ती होती, म्हणजे ग्रीकांचा समुद्राचा देव पंचगंगेच्या काठावर. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं. त्या सापडलेल्या वस्तूंसाठीच आपलं म्युझियम निघालं, आज ते टाऊन हॉलमध्ये आहे. आपली मूर्ती तिकडं, त्यांची इकडं, व्यापार असा दोन्हीकडनं चालायचा. माझं मनापासनं सांगणं आहे, निघायच्या आधी आई-पप्पांना एका सकाळी टाऊन हॉलला घेऊन जा आणि तो पोसायडन दाखवा. मग नेपल्सच्या म्युझियममध्ये आईला सुद्धा पडक्या भिंतींच्या पलीकडचं काहीतरी दिसेल.

पंचगंगाकाठ:
टाऊनहॉल_वेडा, हे वाचून पप्पांनी मोबाईल हातातनं घेतला तो अजून दिला नाही, मी बायकोच्या फोनवरनं लिहितोय. वार बुधवार आहे, म्हणजे म्युझियम उघडं. मग असं केलं तर? मी आणि पप्पा सकाळी पॉम्पेई, आई आणि बायको शहरात, आणि दुपारी चौघं म्युझियमला. जमतंय का?

शाहूपुरी_ताई:
हे छान आहे, असंच करा. आईंसाठी सकाळी स्पाकानापोली, जुन्या शहरातनं जाणारी सरळ अरुंद गल्ली आहे, तिथनंच सान ग्रेगोरियो आर्मेनोची गल्ली लागते, येशूजन्माच्या देखाव्याची मातीची चित्रं करणारे कारागीर वर्षभर तिथं बसलेले असतात. गणपतीत कुंभार गल्लीत रमणाऱ्या माणसाला तिथनं निघावंसं वाटत नाही. आठवण म्हणून काही आणायचं तर तिथलंच आणा. पिझ्झा खायला लांब जायला नको, कुठल्याही साध्या भट्टीवाल्याकडं मार्गारिटा घ्या.

मंगळवारपेठी:
वेळेचं मी सांगतो कारण इथंच लोक अडकतात. साडेआठला जहाजातनं बाहेर पडलात तर पावणेदहा-दहाला गेटवर. पॉम्पेईचं तिकीट आता नावावर मिळतं आणि दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे, त्यामुळं सकाळचं तिकीट आधीच ऑनलाईन काढ आणि ओळखपत्र सोबत ठेव. मोठी सॅक आत नेता येत नाही. फोरम म्हणजे गावचा मुख्य चौक, स्नानगृहं, हाऊस ऑफ द फॉन हा मोठा वाडा, बेकरी आणि प्लास्टरचे मानवी साचे एवढं धरलं तर पावणेएकला निघता येतं. राखेत राहिलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून ते साचे करायची पद्धत तिथल्या उत्खननाचा प्रमुख फिओरेल्ली यानं १८६३ मध्ये काढली, पप्पांना माहीतच असेल. दीड-दोनपर्यंत म्युझियम, साडेतीनला तिथनं बाहेर, साडेचारला बंदरावर. साडेपाचवर जाऊ नकोस, लोकल उशिरा येते, कधी रद्द पण होते. जहाजाच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपलं आपण गेलेल्यांसाठी थांबत नाही. टूरचे जादा पैसे त्याचेच असतात.

उचगाव_फाटा:
जहाज लिव्होर्नोला थांबणार असलं तर एक विनंती आहे. तिथनं फ्लॉरेन्स ट्रेननं साधारण दीड तासावर. सगळे पिसाचा मनोरा नाहीतर फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल यातच वाद घालतात. फ्लॉरेन्सच्या कास्चीने बागेच्या पार पश्चिम टोकाला आपल्या कोल्हापूरच्या दुसऱ्या राजाराम महाराजांची समाधी आहे. इंग्लंडहून परत येताना १८७० मध्ये ते तिथं वारले, अवघे २० वर्षांचे होते, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलाचं नाव पण त्यावरनंच, 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे भारतीयाजवळचा पूल. कोल्हापूरचा माणूस फ्लॉरेन्सला जाऊन तिथं न जाता परत येतो याचं मला फार वाईट वाटतं.

पंचगंगाकाठ:
जहाज थांबतंय लिव्होर्नोला! हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, मनोरा राहू दे, आधी महाराजांकडं जायचं. स्टेशनवरनं बागेच्या त्या टोकापर्यंत टॅक्सीच करावी लागेल का?

उचगाव_फाटा:
ट्राम बागेपर्यंत जाते पण ती पूर्वेच्या टोकाला, तिथनं पुढं बागेतनं लांब चालायचं आहे. आईंचे गुडघे धरून टॅक्सीच करा, आणि परत यायला तीच थांबवून ठेवा, तिकडं सहज मिळत नाही.