भाच्याच्या कल्पनेतले शहर: ते पुढे कसे न्यावे?

सुदामानगरची आत्या:

सर्वांना नमस्कार. माझा भाचा यंदा नववीत आहे. भावाचे घर मंडलेश्वरला, नर्मदेच्या काठी. मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे इंदूरला राहतो. तो बासरी वाजवतो, चित्रे काढतो, अधूनमधून कविताही लिहितो, पण गेल्या वर्षापासून ह्या सगळ्या आवडी एकाच उद्योगात येऊन मिळाल्या आहेत. त्याने एक शहर रचायला घेतले आहे. नाव मेकलनगर, लोकसंख्या एक लाख. ह्या शहराचे नकाशे आहेत, ट्रामचे वेळापत्रक आहे, नगरपालिकेचे बोधचिन्ह आहे आणि एक पाक्षिकही आहे, ज्यात संपादकांना आलेली वाचकांची पत्रे तोच लिहितो. जुन्या लग्नपत्रिका आणि औषधांची खोकी वापरून केलेली त्याची प्रतिकृती आमच्या गच्चीवरच्या खोलीत दिवसेंदिवस पसरत चालली आहे.

निसर्गाला न ओरबाडता पिढ्यान्‌पिढ्या चालू शकेल असे शहर हवे, हा त्याचा ध्यास आहे. मात्र मी प्रश्न विचारू लागले की उत्तरे धूसर होतात. कचरा जमिनीखालच्या यंत्रात जातो आणि नाहीसा होतो. वीज सूर्यापासून मिळते. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरले जाते. किती, कोठून आणि कोणाच्या श्रमाने, हे कुठेच लिहिलेले नाही. उंच इमारतींच्या गच्च्यांवर झाडे आहेत, रस्त्यांवर मात्र माणसे दिसत नाहीत.

मी वाणिज्य शाखेची असल्याने ह्यातले मला फारसे कळत नाही. त्याचा उत्साह मोडू नये, हा छंद म्हणजे आणखी एक शिकवणी होऊ नये, तरीही शहराला खोली यावी, ह्यासाठी मी काय करावे? इंदुरातच पाहण्यासारखे आणि शिकण्यासारखे काय आहे? पुढे शिक्षणात ह्या आवडीला काही वाट आहे का? भावाचे म्हणणे असे की दहावी जवळ येत आहे, तेव्हा हे सगळे आता बांधून ठेवावे. मला ते पटत नाही, पण त्याला समजावण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही.

जलवाहिनी (निवृत्त अभियंता):

ताई, नमस्कार. मी पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी केली, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करतो. आपला भाचा मंडलेश्वरचा आहे हे वाचून आनंद झाला, कारण इंदूर जे पाणी पिते ते त्याच्याच गावाजवळच्या जलूदहून येते. अंतर सुमारे ७० किलोमीटर. नर्मदेचे पात्र तेथे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास आहे, तर इंदूर साडेपाचशेच्या घरात. म्हणजे पाणी नुसते आणायचे नाही, तर विंध्याचा घाट टप्प्याटप्प्याने चढवून आणायचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे पाणी शहरात आले आणि आजचे इंदूर त्याच्याच जोरावर वाढले.

आता त्याला एक गणित घालून पाहा. नववीच्या विज्ञानात कार्य आणि ऊर्जा हा पाठ असतोच. एक हजार लिटर पाणी ४०० मीटर उंच चढवायचे तर निव्वळ सूत्राप्रमाणे सुमारे १.१ युनिट वीज लागते. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एक लाख लोकांना १ कोटी ३५ लाख लिटर लागेल आणि ते चढवण्यासाठी रोज १४ ते १५ हजार युनिट. पंप आणि नळातले घर्षण ह्यांत जी ऊर्जा वाया जाते ती धरली की हा आकडा वीस हजारांच्या वर जातो. सौर पॅनेलच्या एक किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, म्हणजे पाच मेगावॉटपेक्षा थोडा मोठा प्रकल्प हवा. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. मेकलनगर नदीपासून उंचावर वसवले असेल, तर केवळ पाणी चढवण्यासाठी पंचवीस एकरांच्या आसपास जमीन पॅनेलखाली जाईल. ती त्याच्या नकाशात कुठे आहे, एवढेच विचारा. उत्तर तो स्वतः शोधील. हा विचार काल्पनिक नाही. इंदूर महापालिकेने जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी २०२३ मध्ये हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेले कर्ज) काढून २४४ कोटी रुपये उभे केले, ते ह्याच पाण्याच्या विजेचा भार हलका व्हावा म्हणून.

दुसरे गणित पावसाचे. इंदुरात वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, वीस टक्के वाया गेले असे धरले तरी, ७६ हजार लिटर पाणी मिळते. चौघांच्या कुटुंबाला ते वर्षातले सुमारे १४० दिवस पुरेल. अडचण अशी की ते जवळजवळ सगळे चार महिन्यांतच पडते आणि प्रत्येक घराला एवढी मोठी टाकी बांधणे परवडत नाही. म्हणून जुन्या लोकांनी तलाव बांधले. त्याला एकदा मांडूला न्या. जहाजमहालाच्या दोन्ही बाजूंचे कपूर तलाव आणि मुंज तलाव, गच्चीवरचे पाणी खाली उतरवणारे नागमोडी पन्हाळे, हे सगळे त्याने हात लावून पाहावे. डोंगरमाथ्यावर, जेथे बारमाही नदी नाही तेथे, पावसावर राजधानी चालवली गेली आहे.

रंगपेटी:

वरील उत्तर मोलाचे आहे, तरी एक विनंती करते. हे हिशेब त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी ठेवू नका. मी अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवते. ह्या वयाच्या मुलाने उभ्या केलेल्या जगात मोठी माणसे आकडे घेऊन शिरली की ते जग त्याचे राहत नाही.

आपल्या पत्रात मला सर्वांत मौल्यवान वाटले ते त्याचे पाक्षिक. ताई, आपणच संपादकांना पत्र लिहा. पत्र मेकलनगरात कचरा गोळा करणाऱ्या बाईचे असावे आणि तिने विचारावे की जमिनीखालचे यंत्र बंद पडले तर ते उघडायला खाली कोण उतरते. दुसरे पत्र डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजोबांचे असावे, ज्यांना ट्रामच्या थांब्यापर्यंत सावलीतून चालत जायचे आहे. तो उत्तर देईलच, कारण संपादकाला उत्तर द्यावेच लागते. आपण सांगता की त्याच्या रस्त्यांवर माणसे नाहीत. ती अशा पत्रांतून येतील.

त्याला आकाशातून चित्र काढण्याची सवय लागलेली दिसते, नकाशे करणाऱ्या सगळ्याच मुलांना ती लागते. रविवारी सकाळी त्याला जुन्या इंदूरच्या गल्ल्यांत किंवा कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांच्या स्मारकांपाशी) वही घेऊन बसवा आणि बसल्या जागेवरून जे दिसते तेवढेच काढायला सांगा. ओटल्यावर कोण बसते, ऊन कोणत्या भिंतीवर किती वेळ राहते, हातगाडी कुठे उभी राहते. बासरीही सोबत असू द्या. वाहनांच्या आवाजात ती किती पावलांपर्यंत ऐकू येते आणि आपल्या शहरात ती किती पावलांपर्यंत ऐकू यावी, हा नगररचनेचाच प्रश्न आहे आणि तो त्याच्याइतका चांगला दुसऱ्या कोणाला पडणार नाही.

आणि लग्नपत्रिका-खोक्यांची ती प्रतिकृती टाकू नका, कोणी कितीही पसारा म्हणो. ह्याच शहरात विष्णू चिंचाळकर गुरुजींनी टाकून दिलेल्या वस्तूंतून आयुष्यभर कला घडवली. त्यांची गोष्ट त्याला अवश्य सांगा.

राजेंद्रनगरचा बाबा:

माझ्या मुलीचे दहावीचे वर्ष नुकतेच संपले, म्हणून केवळ आपल्या बंधूंच्या काळजीबद्दल लिहितो. आम्ही तिचे आवडीचे काम बंद केले नाही, त्याला रविवारची दुपार नेमून दिली. ती वेळ अभ्यासासाठी कधीही कापली नाही आणि इतर वेळी ते काम काढले नाही. दोन्ही बाजूंनी शब्द पाळला गेल्यामुळे घरात वाद झाला नाही.

नकाशा:

मी नगरनियोजनाच्या क्षेत्रात काम करते आणि मूळची रामबागेतली आहे. इंदुरात काय पाहावे, ह्याचे उत्तर देते. शहराची कल्पना करणाऱ्या मुलासाठी भारतात इंदूरसारखी गावे थोडी आहेत.

स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत निघाला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढावेत, ह्या त्या काळच्या रूढ उपायाला त्यांचा विरोध होता. आधी गल्लीगल्लीतून चालावे, कोणते घर खरोखर पडायला आले आहे ते पाहावे, तेवढेच काढून तेथे मोकळी जागा, झाड आणि हवा आणावी, असे ते सांगत. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीला शहरातून मिरवणूक काढली, तीत घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा भला मोठा उंदीर होता. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या. आपल्या भाच्याच्या पाक्षिकाला ही बातमी शोभेल.

दुसरे ठिकाण म्हणजे अरण्य वसाहत. वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी ऐंशीच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी तिची आखणी केली. सुमारे साडेसहा हजार भूखंड. त्यांतल्या गरीब कुटुंबांच्या भूखंडांवर केवळ जोते, पाण्याचा नळ, शौचालय आणि जेमतेम एखादी खोली. बाकीचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. काही थोडी घरे नमुन्यादाखल बांधून दाखवली होती. ह्या कामाला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये दोशींना वास्तुकलेतलाच प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तेथे गेल्यावर आज ती वसाहत चित्रातल्यासारखी दिसणार नाही; मजले वाढले आहेत, गजबज आहे. तेच पाहायचे आहे. मेकलनगरच्या इमारती पहिल्याच दिवशी पूर्ण झालेल्या आहेत असे दिसते. ज्याच्यापाशी आज एकाच खोलीचे पैसे आहेत, तो माणूस तेथे कसा राहणार, हे त्याने ठरवायला हवे.

तिसरा विषय कचरा. देवगुराडियाच्या, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन त्यातून सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी आणि १०० टन खत तयार करण्याची त्याची क्षमता आहे आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. पण यंत्राचे महत्त्व येथे दुय्यम आहे. स्वयंपाकघरात ओले आणि सुके वेगळे झाले नाही तर ते यंत्र चालत नाही. त्याच्या जमिनीखालच्या यंत्राची सुरुवात आपल्या ओट्याखालच्या दोन डब्यांपासून होते, हे त्याला दाखवणे आपल्याला सहज शक्य आहे. खताचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते की कंपोस्टची जगभर गेलेली ‘इंदूर पद्धत’ ह्याच गावातली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२० च्या दशकात येथील वनस्पती-उद्योग संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, काडीकचरा, शेण आणि राख ह्यांचे थर रचून व ते पुन्हापुन्हा उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. गच्चीवर एका कोपऱ्यात ती करून पाहता येईल.

शिक्षणाबद्दल थोडक्यात लिहिते. बारावीनंतर नियोजनाची आणि वास्तुकलेची स्वतंत्र पदवी असते. भोपाळच्या नियोजन व वास्तुकला संस्थेत दोन्ही आहेत आणि प्रवेश जेईई मेनच्या दुसऱ्या पेपरवरून होतो. वास्तुकलेच्या इतर अनेक महाविद्यालयांसाठी नाटा ही परीक्षा आहे. दोन्हीकडे गणित लागते, म्हणून अकरावीत ते सोडू नये. ह्यापेक्षा जास्त विचार आज करण्याची गरज नाही.

सुदामानगरची आत्या:

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, मन भरून आले. रंगपेटीताई, कचरा गोळा करणाऱ्या बाईंचे पत्र मी लिहून त्याच्या टेबलावर ठेवले. पुढच्या अंकात संपादकीयच त्यावर आले आणि जमिनीखालचे यंत्र ‘जनतेच्या मागणीवरून’ वर आणण्यात आले. त्यानंतर मी पाण्याचे गणित दिले. ते त्याने दोनदा करून पाहिले आणि आता त्याला संपूर्ण शहर टेकडीवरून उतरवून थेट नदीच्या काठाला आणायचे आहे, म्हणजे पाणी चढवण्याची वीज वाचेल. पण मंडलेश्वरला पुराचे पाणी घाटाच्या पायऱ्या कशा गिळते ते त्याने लहानपणापासून पाहिले आहे, म्हणून तो अडला आहे. ह्यावर त्याला काय सांगावे?

जलवाहिनी (निवृत्त अभियंता):

अडला आहे हे फार चांगले झाले, कारण खरे अभियंतेही येथेच अडतात. त्याला सांगा की काठ आणि माथा ह्यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० मापाचे नकाशे आता संगणकावर विनामूल्य मिळतात. मंडलेश्वरचा नकाशा उतरवून घ्या. त्यातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे प्रत्येक वीस मीटर उंचीला असतात. आजी-आजोबांना विचारून त्यांच्या आठवणीतल्या सर्वांत मोठ्या पुराची खूण त्याने नकाशावर आखावी, त्या रेषेच्या खाली शेते आणि बागा ठेवाव्यात आणि घरे तिच्या वरच्या पहिल्या रेषेपासून सुरू करावीत. चढण ४०० मीटरऐवजी ४० मीटर राहिली तर वीज दहा पटींनी कमी होईल.

मग पुढचा प्रश्न त्याच्यासमोर आपोआप येईल. आलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन उताराने नदीकडेच निघेल, म्हणजे दिवसाला एक कोटी लिटरपेक्षा जास्त. शुद्धीकरण केंद्र घरांच्या खाली पण पूररेषेच्या वर बसवावे लागेल आणि त्यातून निघालेले पाणी खालच्या शेतांना देता येईल. पाणी उचलण्याची विहीर नदीच्या प्रवाहात शहराच्या वरच्या अंगाला आणि सांडपाणी खालच्या अंगाला, हा क्रम मात्र त्याने कुठल्याही परिस्थितीत बदलू नये. नकाशा तयार झाला की येथे अवश्य टाका, मी नळांचे व्यास काढायला त्याला मदत करीन.