शेरलॉकच्या हातात मोबाईल दिला म्हणून काय बिघडलं?

धुऱ्यावरचा वाचक (दारव्ह्याकडचा)
काल इथं कोणीतरी लिहिलं की बीबीसीची ‘शेरलॉक’ मालिका ज्याला आवडते त्यानं कॉनन डॉयलच्या गोष्टींतला मूळ शेरलॉक होम्स वाचलाच नसतो, तो फक्त कोटाची कॉलर पाहून भुलतो. डोक्यात गेलं, म्हणून लांबण लावतो.

मी होम्स वाचलाय. चारही कादंबऱ्या, 56 कथा, वाचनालयातल्या पानं सुटलेल्या प्रतींमधून. तरी 2010 चा पहिला भाग पाहून खूष झालो. मूळ ‘साइन ऑफ फोर’ कादंबरीत घड्याळाच्या चावीच्या भोकाभोवती ओरखडे असतात, त्यावरून होम्स सांगतो की मालक दारुडा. इथं तेच ओरखडे मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकाभोवती. ज्यानं वाचलंय त्यालाच ही गंमत कळते, उलट नाही. 1887 चा वॉटसन, होम्सचा डॉक्टर मित्र, अफगाणिस्तानातून जखमी होऊन येतो, 2010 चाही तिथूनच येतो. लिहिणाऱ्यांना तेवढं बदलावंही लागलं नाही.

आता माझी रड. आयरीन अ‍ॅडलर. 1891 च्या कथेत ती होम्सला हरवते, पोराच्या वेशात त्याच्या दारापर्यंत येऊन वरून ‘गुड नाइट’ करून जाते. 2012 मध्ये मालिकेतला शेरलॉक तिची नाडी धरून फोनचा पासवर्ड काढतो आणि शेवटी कराचीत जाऊन तिची मान वाचवतो. म्हणजे राणीच्या काळातली बाई जिंकली अन् स्मार्टफोनवाली हरली! चौथ्या सीझनचं तर नावच काढू नका. बेटावरच्या कोठडीत शेरलॉकची बहीण निघाली. आपल्या सासू-सुनांच्या मालिकांमध्ये अशी बहीण निघाली की आपण हसतो ना? पहिले दोन सीझन तपास, पुढचे दोन भाऊबंदकी. पण त्या पहिल्या दोघांना नावं ठेवू देणार नाही.

निवृत्त गुरुजी
‘कोणीतरी’ म्हणजे मीच. नाव घ्यायला लाज वाटली का?
होम्स गुडघ्यावर बसून चिखल पाहतो. पाऊस पडून गेल्यावर घोडागाडीच्या चाकोऱ्या मोजतो. पावलांचा माग काढण्याइतकी महत्त्वाची अन् दुर्लक्षित विद्या दुसरी नाही, असं तो स्वतः सांगतो. पायाचे ठसे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कसे धरावे यावर त्याचा निबंधही आहे. तुमचा हिरो डोळे फिरवतो अन् पडद्यावर अक्षरं तरंगतात. आपण पुरावा पाहायच्या आत निकाल लागलेला. त्याला तपास नाही म्हणत, हातचलाखी म्हणतात.

वर्धेची वहिनी
गुरुजी, तुम्ही पहिल्या सीझनचा तिसरा भाग पाहिला नाही वाटतं. त्यात एका जुन्या बुटाच्या जोडीवर तो किती वेळ बसतो! तळव्याची माती, परागकण, सगळं आहे. न पाहता नावं ठेवणं सोपं असते.
आयरीनचं मात्र शंभर टक्के. भाकऱ्या आटपून रात्री हेडफोन लावून पाहत होते, कराचीवाला सीन आला अन् फोन पालथा ठेवून दिला.

कपाशीवाला
पायाच्या ठशावरून आठवलं. मागच्या हंगामात विहिरीवरच्या मोटरची केबल कापून नेली. तांब्यासाठी नेतात, वरचं रबर नाल्यात जाळतात. धुऱ्यावर ओल होती, चप्पलेचे ठसे पांदणीपर्यंत साफ दिसत होते, त्यातली एक टाच घासलेली. ठाण्यात सांगितलं तर पहिला प्रश्न काय? ‘सीसीटीव्ही आहे का?’ अरे बाप्पा, तिथं लाईन रात्रीची येते तीही पाळीनं, सीसीटीव्ही कायच्यावर चालवू? दुपारपर्यंत पंचनाम्याची वाट पाहिली. तेवढ्यात त्याच ठशावरून शेळ्या गेल्या.

निवृत्त गुरुजी
हेच मी म्हणतो! यंत्र आलं की डोळे जातात. आमच्या लहानपणी गुराखी ओढ्यातला पंजा पाहून सांगायचा नर की मादी. मादीचा लांबट, नराचा चौकोनी. कोणतं अ‍ॅप लागत नव्हतं.

बफरमधला (ताडोबाच्या कडेला)
गुरुजी, थांबा. नर-मादी सांगणं वेगळं अन् वाघ मोजणं वेगळं. पंजाचे ठसे काचेवर उतरवून, प्लास्टरचे साचे काढूनच आधी वाघ मोजायचे, तुमच्या होम्सची लाडकी पद्धत. तिच्याच भरवशावर राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ फिरत राहिले अन् 2005 मध्ये कळलं की एकही नाही. तेव्हापासून कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, पट्टे खोटं बोलत नाहीत, ठसा वाचणारा बोलू शकतो.

कपाशीवाला
मग पांढरकवड्याले काय झालं? टी-1 वाघिणीसाठी कॅमेरे लावले, ड्रोन आणला, हत्ती आणले, अत्तरसुद्धा शिंपडलं. तरी तिला गोळी घालायला 2 नोव्हेंबर 2018 उजाडावा लागला. तोवर 13 माणसं तिच्या नावावर लागली. आम्ही तिकडच्या बाजूचे. ते महिने सांजेच्या आत कापूस वेचून घरी यायचो, मजूर यायला तयार नव्हते. यंत्राचं कौतुक आम्हाले नका सांगू.

बफरमधला
तुम्हाला काय वाटते, मी नागपूरच्या फ्लॅटमधून लिहितो? माझ्या घराच्या मागून वाघ जातो बे. माझा काका पिढीजात माग काढणारा. काटकी मोडलेली पाहून जनावर किती वेळाआधी गेलं हे सांगायचा. तोच म्हणायचा की उन्हाळ्यात कोरड्या मुरमात माझा काही भरवसा नको. त्यालाच कॅमेरे तपासायचं काम लागलं तेव्हा सगळ्यात जास्त खूष तो झाला. मोबाईल हातात आला म्हणून माणूस आंधळा होत नाही. ठाण्यातला साहेब कॅमेऱ्याच्या आधीही आंधळाच होता, एवढं समजून घ्या.

कपाशीवाला
शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकी तुमचं तुम्हाला लखलाभ.

धुऱ्यावरचा वाचक
मंडळी, हा धागा शेरलॉकचा होता, वनखात्याचा नाही. पण वाघापर्यंत आलोच तर ऐका: बास्करव्हिलचा कुत्रा. पुस्तकात खराखुरा कुत्रा आहे, तोंडाला चमकणारं रसायन फासलेला. मालिकेत विषारी धुकं अन् भास. तिथं गुरुजी बरोबर आहेत, मुकाट्यानं मान्य करतो. जनावर होतं तेच बरं होतं.

निवृत्त गुरुजी
मुकाट्यानं? एवढं लांबण लावून मुकाट्यानं! बरं, तो बुटवाला भाग आज नातवाकडून लावून घेतो. आवडला तरी इथं कबूल करणार नाही.

वर्धेची वहिनी
तुम्ही सगळे एकाच मालिकेवर भांडून राहिले. अमेरिकेनं 2012 मध्ये ‘एलिमेंटरी’ काढली, वॉटसन बाई केली, 154 भाग चालली, तिचं कोणी नाव घेत नाही. बाई आहे म्हणून का? ती होम्सची रखवालदार म्हणून येते, नंतर स्वतः तपास शिकते. अन् दारव्हेकर भाऊ, तुमच्या आयरीनचा सूड तिथं निघाला आहे. तीच मोरिआर्टी, होम्सचा कट्टर वैरी, निघते.

धुऱ्यावरचा वाचक
वहिनी!! पहिला सीझन अर्ध्यावर आणला होता मी!